चपाती बंद करायच्या आधी रक्ताची टेस्ट करा (ग्लुटेन आणि मूडचं नक्की काय ते)

मागच्या वर्षी मी चपाती बंद केली आणि तिसऱ्याच दिवशी घरभर सांगत सुटले की बघा माझं डोकं कसं हलकं झालंय. त्याआधीचे सहा-सात महिने नुसती चिडचिड, दुपारी चार वाजता मेंदूत कापूस भरल्यासारखं वाटायचं, मीटिंगमधे साधा शब्द आठवायचा नाही, रात्री झोप नाही आणि सकाळी उठवत नाही. जिममधली एक मैत्रीण म्हणाली ग्लुटेन (म्हणजे गव्हात आणि बार्लीत असणारं प्रथिन) सोड, तिच्या जावेचं डिप्रेशन गेलं म्हणे. मी सोडलं. दोन महिने एकदम खुश. मग हीच गोष्ट पोटाच्या डॉक्टरांना कौतुकाने सांगितली तर त्यांनी एकच विचारलं, "सोडायच्या आधी टेस्ट केली होतीत का?" नव्हती केली. "मग आता परत चपाती सुरू करा, सहा आठवड्यांनी या."

म्हणजे जे सोडून मला बरं वाटत होतं तेच परत दीड महिना खायचं, का तर टेस्ट करता यावी म्हणून. हा उलटा प्रवास तुम्हाला करायला लागू नये म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण स्वतःवर आणि मामेबहिणीवर जे झालं त्यातून आणि त्यानंतर केलेल्या बऱ्याच वाचनातून जे कळलं ते क्रमाने सांगते.

आधी शब्दांचा घोळ सोडवू कारण सगळी गडबड तिथेच होते. गव्हाचा त्रास तीन प्रकारचा असतो. एक सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन खाल्लं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते, हा ऑटोइम्युन आजार आहे आणि आयुष्यभराचा आहे. दुसरा गव्हाची अ‍ॅलर्जी, त्यात अंगावर पित्त उठणं, धाप लागणं वगैरे, तो वेगळाच विषय. आणि तिसरं ते ज्याला ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी म्हणतात, म्हणजे वरचे दोन्ही नाहीत पण गहू खाल्ल्यावर पोट फुगतं, डोकं जड होतं, मूड जातो. या तिसऱ्याची रक्ताची टेस्ट आजच्या तारखेला नाहीये. कुणी लॅबवाला पॅकेज म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

आता मनाशी संबंध कुठे येतो. सिलिअ‍ॅकमधे तो सरळ आहे. आतडं खराब झालं की लोह, फोलेट, बी-१२, डी अंगाला लागत नाही, आणि लोह आणि बी-१२ कमी असलेल्या माणसाला थकवा, उदास वाटणं, विसराळूपणा हे सगळं होतंच. वर सिलिअ‍ॅकसोबत थायरॉइडचा ऑटोइम्युन आजार असायची शक्यता जास्त, त्याने पण मूड पडतो. पोट अजिबात दुखत नाही आणि फक्त अ‍ॅनिमिया आणि उदासी आहे असे सिलिअ‍ॅक पेशंट असतात, हे लक्षात ठेवा. शेफील्डच्या हाजीवासिलिऊ नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने तर १९९६ पासून दाखवून दिलंय की काहींमधे ग्लुटेनचा परिणाम थेट मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर होतो, चालताना झोक जातो, त्याला ग्लुटेन अ‍ॅटॅक्सिया म्हणतात. म्हणजे "पोट आणि डोक्याचा काय संबंध" असं म्हणणाऱ्याला उत्तर आहे.

तिसऱ्या प्रकारात मात्र चित्र धूसर आहे. २०१४ मधे ऑस्ट्रेलियात एक छोटा प्रयोग झाला, २२ माणसं, सिलिअ‍ॅक नसलेली. त्यांना तीन-तीन दिवस न सांगता कधी ग्लुटेन कधी दुसरं काही खायला दिलं, आणि ग्लुटेनच्या दिवसांत पोटाच्या त्रासात फरक नव्हता पण उदासीचा स्कोअर वाढलेला होता. इंटरनेटवर जे "ग्लुटेनमुळे डिप्रेशन" फिरतं त्यात या अभ्यासाचा हात मोठा आहे. पण २२ माणसं आणि तीन दिवस, यावरून आख्खी गव्हाची कोठी रिकामी करायची? मग २०१८ मधे नॉर्वेत ५९ जणांना न सांगता मुस्लीबार खायला दिले, काहीत ग्लुटेन, काहीत फ्रुक्टन, काहीत दोन्ही नाही. पोटाचा त्रास सगळ्यात जास्त फ्रुक्टनने झाला, ग्लुटेनने नाही. फ्रुक्टन म्हणजे गव्हातलंच एक कर्बोदक, आणि ते कांद्यात आणि लसणात पण भरपूर असतं. आपल्याकडे कांदा-लसूण मसाला डब्याने संपतो आणि दोष मात्र चपातीला.

स्किझोफ्रेनियाचं पण कुणीतरी सांगतंच. ते १९६६ पासून आहे, डोहान नावाच्या अमेरिकन डॉक्टरने दाखवलं की दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांत गहू कमी मिळायला लागला तिथे स्किझोफ्रेनियासाठी हॉस्पिटलमधे भरती होणाऱ्या बायका कमी झाल्या. कल्पना भारी आहे, पण युद्धात गव्हाशिवाय अजून शंभर गोष्टी बदलतात. रक्तात ग्लुटेनविरोधी अँटीबॉडी असलेल्या थोड्या पेशंटवर अजून काम चालू आहे, पण घरच्या पेशंटच्या गोळ्या काढून ज्वारीची भाकरी सुरू करण्याइतकं ते पुढे गेलेलं नाही. अजिबात नाही.

तर आता करायचं काय. पहिलं काम, चपाती चालू ठेवा आणि रक्त द्या. टेस्टचं नाव टीटीजी-आयजीए, आयजीए म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचा एक प्रकार, आणि सोबत टोटल आयजीए सांगायचंच, कारण सिलिअ‍ॅक असलेल्यांपैकी २-३ टक्के लोकांच्या अंगात आयजीएच कमी असतं आणि मग मुख्य टेस्ट खोटीच नॉर्मल येते. त्याच सुईत सीबीसी (हिमोग्लोबिन वगैरे), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी आणि टीएसएच (थायरॉइड) काढून घ्या. उपाशीपोटी जायची भानगड या टेस्टना नसते. टीटीजी वाढलेलं आलं तर दुर्बिणीने तपासून आतड्याचा तुकडा घेतात, तेव्हाही गहू चालूच हवा.

आणि माझ्यासारखा शहाणपणा करून आधीच सोडलं असेल तर? मग डॉक्टरांशी बोलून परत सुरू करायचं, साधारण सहा ते आठ आठवडे. किती खायचं याचा ढोबळ हिशोब असा की ३० ग्रॅम कणकेच्या एका चपातीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, दिवसाला दोन-तीन चपात्या खाल्ल्या की टेस्टपुरतं होतं. फारच त्रास होत असेल तर एचएलए ही जनुकांची टेस्ट विचारा, डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळपास नाहीच असं समजतात आणि या टेस्टला गहू खायची गरज नाही. पण ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, ती जनुकं कितीतरी धडधाकट लोकांत असतात.

मामेबहिणीचं सांगते. ती लग्न होऊन दिल्लीकडे गेली, दहा वर्षं झाली, आणि गेली चार वर्षं तिचं हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हतं, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली. रडायला यायचं, काहीच करावंसं वाटायचं नाही, फोन उचलायची नाही. मामी म्हणायची टेन्शन घेऊ नकोस, सासरचे म्हणायचे माहेरची आठवण येते हिला. सायकिअ‍ॅट्रिस्टची गोळी चालू होती, थोडा फरक होता पण थोडाच. शेवटी एका नवीन डॉक्टरने गोळ्या खाऊन पण लोह वाढत कसं नाही म्हणून टीटीजी काढायला सांगितलं तर ते लॅबच्या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट. सिलिअ‍ॅक. उत्तर भारतात हे दुर्मिळ नाहीये, २०१६ ला आलेल्या मोठ्या पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के लोकांत सापडलं आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के, जनुकं साधारण सारखी असूनसुद्धा, बहुधा तिकडे गहूच कमी खातात म्हणून.

माझा रिपोर्ट? टीटीजी नॉर्मल, एकदम नॉर्मल. बी-१२ मात्र १४०, म्हणजे बरंच कमी. शाकाहारी घरात हे इतकं कॉमन आहे की लॅबमधली मुलगी रिपोर्ट देताना म्हणाली, "आज सकाळपासून हा पाचवा." डॉक्टर म्हणाले आधी हे भरून काढू, इंजेक्शनं घ्या, दोन महिन्यांनी गव्हाचं बघू, एका वेळी एकच गोष्ट बदलायची नाहीतर कशाने काय झालं कधीच कळणार नाही. हे वाक्य मी फ्रिजवर लावलंय. कारण चपाती सोडली त्याच आठवड्यात मी जिम लावली होती, संध्याकाळचा चहा-बिस्कीट बंद केला होता आणि साडेदहाला झोपायला लागले होते, आणि क्रेडिट सगळं ग्लुटेनला दिलं होतं.

सिलिअ‍ॅक नाही हे नक्की झालं, बी-१२ आणि थायरॉइड ठीक झालं, आणि तरी संशय आहे, तर मग घरी सहा आठवड्यांची ट्रायल घ्या. त्याआधी एक आठवडा नेहमीचंच खायचं आणि फक्त लिहायचं. रोज रात्री वहीत तीन आकडे, शून्य ते दहा, चिडचिड किती, डोकं किती जड, झोप कशी, बास. पाळीची तारीख पण लिहा बायांनो, माझ्या पहिल्या वहीतले सगळे "वाईट" दिवस पाळीच्या आधीचे निघाले.

मग सहा आठवडे गहू बंद. आपल्याकडे हे तसं सोपं आहे, पुण्या-मुंबईत चपाती रोजची झाली असली तरी सोलापूर-मराठवाड्यात ज्वारी, कोकणात तांदूळ, नाशकाकडे बाजरी, नाचणी तर सगळीकडे. उपासाचं बहुतेक सगळं चालतं, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाही. पुरणपोळी विसरा, पुरण वाटीत घेऊन तूप घालून खा.

गहू लपून कुठे बसतो तेवढं बघा. हिंग! डबीतला बांधानी हिंग हा नुसता हिंग नसतो, त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं (तांदळाच्या पिठातला पण मिळतो, मागची बाजू वाचा). मेतकूटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत असतो. रवा, दलिया, शेवया म्हणजे गहूच, हे सांगायला नको पण मी पहिल्या आठवड्यात सत्यनारायणाचा शिरा खाल्ला आणि रात्री लक्षात आलं. सोया सॉस, म्हणजे सगळं चायनीज. दुधात घालायच्या माल्टवाल्या पावडरी, कारण माल्ट म्हणजे बार्ली, आणि बिअर पण तीच. आणि कृपा करून खपली गव्हाला ग्लुटेन-फ्री म्हणू नका! खपली, बन्सी, जोडगहू, सगळे गहूच आहेत आणि सगळ्यांत ग्लुटेन आहे, खपलीची खीर कितीही भारी लागू दे.

गिरणीचा मुद्दा मोठा आहे पण तो सिलिअ‍ॅकवाल्यांसाठी. तुमच्या आधी कुणाचे पाच किलो गहू दळले गेले की तुमच्या ज्वारीत पहिले दोन-चार ओंजळी गव्हाचंच पीठ येतं. बहिणीने गिरणीवाल्याला सांगून बघितलं, तो म्हणाला ताई सकाळचं पहिलं दळण तुमचं टाकतो, पण आदल्या रात्रीचं पीठ जात्यात बसलेलंच असतं ना. शेवटी तिने घरघंटी घेतली, तवा वेगळा, पोळपाट-लाटणं वेगळं. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असेल तर आपल्या एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमाने ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत हवं. ट्रायलवाल्यांनी इतकं ताणायची गरज नाही, चिमूटभर हिंगाने तुमचा प्रयोग बुडत नाही.

सहा आठवड्यांनी आकडे बघा. फरकच नाही? मग विषय संपला, चपाती खा. फरक आहे, निदान ३० टक्के तरी? मग खरी मजा पुढे आहे, कारण आपलं मन फार हुशार असतं. युरोपात एक प्रयोग झाला, २०२३ मधे छापून आला, त्यात ज्यांना "यात ग्लुटेन आहे" सांगून ग्लुटेनवाला ब्रेड दिला त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला, आणि तोच ब्रेड "यात नाही" म्हणून दिला त्यांना बराच कमी. त्रास खोटा नव्हता हां कुणाचा, पोट खरंच दुखलं, फक्त त्यात भीतीचा वाटा मोठा होता.

म्हणून आंधळी चाचणी. संशोधक लोक दिवसाला ८ ग्रॅम ग्लुटेन एक आठवडा देतात, मग एक आठवडा गॅप, मग एक आठवडा बिनग्लुटेनचं, पेशंटला न सांगता. आम्ही घरी सासूबाईंना कामाला लावलं. थालिपिठाच्या पिठाचे दोन डबे, एकावर क, एकावर ख. एका पिठात रोजची १०० ग्रॅम कणीक जाईल असा हिशोब, म्हणजे ८-९ ग्रॅम ग्लुटेन, बाकी ज्वारी आणि तांदूळ, दुसऱ्यात नुसतं ज्वारी-तांदूळ. दोन्हीत मेथी, तीळ, तिखट, ओवा सारखं, कांदा कुठेच नाही कारण फ्रुक्टन. कुठला डबा कुठला हे फक्त त्यांना माहिती आणि त्यांच्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिलेलं. अडचण अशी की गहू नसलेलं थालीपीठ थापताना कडेला चिरा पडतात, बघणाऱ्याला लगेच कळतं, म्हणून मला स्वयंपाकघरात बंदी, ताटात तुकडे करूनच यायचं आणि त्या वर उभ्या राहून बघायच्या की मी तुकडा ताणून बघत नाहीये ना. पीठ गरम पाण्यात उकडून मळलं की दोन्हीचा पोत बराच जवळ येतो, ही त्यांचीच आयडिया.

पहिल्या फेरीत क डब्याच्या आठवड्यात माझी चिडचिड सरासरी पाच, ख ला साडेतीन. मी जाहीर केलं, क म्हणजे गहू, शंभर टक्के. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी डबे अदलाबदल करून दुसरी फेरी, त्यात दोन्हीकडे चारच्या आसपास. मग पंचांग उघडलं. पहिल्या फेरीतला क म्हणजे नुसती ज्वारी आणि तांदूळ. त्या आठवड्यात माझं अप्रेझल होतं, आता आठवतंय.

तुमचं उलटं येऊ शकतं, दोन्ही फेऱ्यांत गव्हालाच आकडे वाढले तर मग तुम्हाला गहू झेपत नाही असं धरायला हरकत नाही. पण या चाचणीतून गहू कळतो, ग्लुटेन नाही, हे पण खरं. पुढची पायरी म्हणजे गहू बंद ठेवून एक आठवडा कांदा-लसूण दणकून खा, त्यानेही पोट फुगून डोकं जड झालं तर दोषी फ्रुक्टन असायची शक्यता जास्त, आणि मग डाएटिशियनला गाठा, ती यादी स्वतः करायच्या फंदात पडू नका. सिलिअ‍ॅक निघालेल्यांनी मात्र ही डब्यांची गंमत चुकूनही करायची नाही, त्यांच्यासाठी थोडं ग्लुटेन असं काही नसतं.

आता जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते. डिप्रेशनची किंवा अँग्झायटीची गोळी चालू असेल तर या सगळ्या काळात ती आहे तशीच चालू ठेवा. अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होऊ शकतं, आणि ते तुम्ही गव्हाच्या नावावर लिहाल. लहान मुलांवर असले प्रयोग डॉक्टरांशिवाय नको. ज्यांना आधी कधी खाण्याचा त्रास झालाय, म्हणजे उपाशी राहणं, मोजून मोजून खाणं, खाऊन ओकणं, त्यांनी ही ट्रायल घेऊच नये, अजून एक पदार्थ बंद करायचं कारण त्यांच्या मनाला द्यायचं नाही. आणि दोन आठवड्यांच्या वर सलग उदास असाल, झोप-भूक गेली असेल, तर चपातीचा विचार बाजूला ठेवून आधी माणसाशी बोला. जगणं नको वाटत असेल तर आत्ता, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात.

बहिणीचं म्हणाल तर गहू सोडून तिला वर्ष होत आलं. सहा महिन्यांनी टीटीजी निम्म्याच्या खाली आलं, हिमोग्लोबिन अकरा. मूड सगळ्यात शेवटी आला, आणि पूर्ण आला असं ती म्हणत नाही, गोळी डॉक्टरांनी कमी केलीय, बंद नाही, आणि काउन्सेलरकडे महिन्यातून एकदा जाते. फोन मात्र उचलते. परवा तासभर बोलली, त्यातली चाळीस मिनिटं नाचणीची भाकरी तव्यावर न मोडता कशी उलटायची यावर.